खालच्या खान्यातला नंबर

कापसाची शेवटची वेचणी झाली, वावरात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या की आमच्याकडे मेंढरं उतरतात. आधी घंट्या ऐकू येतात, मग धूळ दिसते आणि धुळीतून एक घोडं पुढं येतं. घोड्यावर वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, भांड्यांचं गाठोडं, वर पाय बांधलेली एखादी कोंबडी, आणि हल्ली हातभर लांबीची सोलरची पाटी. तिच्यावर फोन चार्ज होतो. भोकरदनकडून, केदारखेड्याच्या बाजूनं निघालेली ही माणसं वावर-वावर करत गोदावरीपर्यंत येतात. शेतकरी बोलावतात, मेंढरं वावरात बसतात, खत पडतं, धान्य घेऊन ते पुढच्या शिवारात जातात. आज इथं, उद्या तिथं. त्यांना पत्ता नसतो. फोन नंबर असतो.

यंदाही उतरली. मी दुकानात एका कॉलेजच्या पोरीच्या फोनला काच चिकटवत होते. कुंभार पिंपळगावच्या बाजाररस्त्याला आमचं छोटं दुकान आहे, माझं आणि नवऱ्याचं. रिचार्ज, कव्हर, काच, चार्जर, असलं सगळं. रस्त्यावरून घंट्या आल्या आणि माझा हात हलला.

"ताई, बुडबुडा राहिला," पोरगी म्हणाली.

"राहू दे, काही होत न्हाई," असं माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभच चावली. ती काच काढली, टाकून दिली, दुसरी लावली. पोरगी म्हणाली, "अवो एवढं काय, चाललं असतं." मी म्हटलं, "न्हाई बाई, न्हाई चालत." नवरा मागून हसला. त्याला माझं हे येड माहीत आहे. रिचार्ज मारला की मी गिऱ्हाइकाला जाऊ देत नाही. थांबा म्हणते, मेसेज येऊ द्या म्हणते, एक फोन लावून बघा म्हणते. लोक वैतागतात. वैतागू द्या.

सात-आठ वर्षांमागं मी अशी नव्हते. डी.एड. करून घरी बसले होते. भरतीची वाट बघून बघून डोळे दुखले, आई म्हणाली, काहीतरी कर पण माझ्यासमोर तोंड पाडून बसू नको. तेवढ्यात एका नव्या मोबाईल कंपनीला बाजारात छत्रीखाली बसून सिम विकायला पोरी पाहिजे होत्या. बायका पोरींशी बोलतात म्हणून पोरीच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. मला केशरी टी-शर्ट मिळाला, दोन मापं मोठा. तो मी कुडत्यावरच चढवायचे. डोक्यावर केशरी छत्री, समोर प्लास्टिकचं टेबल, टेबलावर अंगठ्याचं मशीन. शेजारी कांद्याचे ढीग, पलीकडं बोंबलाचा वास, त्याच्या पलीकडं दुसऱ्या कंपनीची लाल छत्री. लाल छत्रीखालचा माणूस कर्णा लावून ओरडायचा. माझ्याकडं कर्णा नव्हता, पण माझा गळा कर्ण्याला भारी होता.

काय दिवस होते! सगळा मुलूख नंबर बदलत होता. बोलणं फुकट, नेट फुकट, लोक तुटून पडायचे. कापूस नुकताच विकलेला, अंगात नवे कपडे, आणि रांगेत उभं राहून अंगठा द्यायचा. अंगठ्यांची मला तेव्हा फार ओळख झाली. कापूस वेचून वेचून बायकांच्या बोटांच्या रेघा पुसल्या होत्या. मशीन काही केल्या घ्यायचं नाही. मग मी त्यांचं बोट माझ्या ओढणीनं पुसायचे, थोडं पाणी लावायचे, दाबायचे, परत दाबायचे. हिरवा दिवा लागला की बाई हसायची. त्यांना वाटायचं, परीक्षेत पास झालो.

आमचे साहेब जालन्याहून मोटारसायकलवर यायचे. गोड माणूस, शिवी द्यायचा नाही, फक्त पुठ्ठ्यावर पेनानं एक गोल काढायचा. "ही तालुक्याची भाकर आहे. यात आपला चतकोर झाला. मला अर्धी पाहिजे." मार्केट शेअर मार्केट शेअर म्हणतात ते मला असं कळलं. गोलातली प्रत्येक रेघ म्हणजे एक माणूस, हे मात्र त्या पुठ्ठ्यावर दिसायचं नाही. त्यात परत एक गोम होती. माणूस जुना नंबर घेऊन आमच्याकडं आला तर त्याला चार-आठ दिवस लागायचे आणि आमच्या खात्यात तो कमी धरला जायचा. नवा नंबर घेतला की जागच्या जागी मोजला जायचा. म्हणून आम्ही सगळ्यांना एकच सांगायचो. नवा घ्या. जुन्याचं सिमही राहू द्या फोनच्या खालच्या खान्यात. त्याच्यावर फोन येतच राहतील.

तेव्हा ते खोटं नव्हतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय, देव जाणे. तेव्हा रिचार्ज नसला तरी फोन येत होते. पुढं ते बंद झाले, पण मी सांगितलं तेव्हा येत होते.

गयाबाई त्याच हंगामात माझ्या छत्रीखाली आली. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्यावर घोंगडी. मागं तिचा ल्योक हरी, विशीतला, आडव्या अंगाचा, तोंडभर हसणारा. हरीला ऐकू सगळं यायचं पण बोलता यायचं नाही. समजही बेताचीच, सात-आठ वर्षांच्या लेकराएवढी. फक्त गळ्यातून एक आवाज काढायचा, "हुर्रऽ ओ" असा काहीतरी, आणि पन्नास पावलांवरची मेंढरं वळून त्याच्याकडं यायची. गयाबाईचा नवरा मागंच वारलेला. दिराच्या कळपाबरोबर मायलेकरं फिरायची.

तिनं टेबलासमोर उभं राहून पहिलं काम काय केलं, तर हरीचा डावा हात ओढून माझ्यापुढं धरला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या शाईत दहा आकडे गोंदलेले.

"वाच," म्हणाली.

मी वाचले.

"आता लाव."

मी माझ्या फोनवरून लावले. तिच्या चोळीतल्या कापडी पिशवीत फोन वाजला. हरी टाळ्या पिटायला लागला. तिनं फोन काढून मला दाखवला, जसं काही मीच खात्री करून घ्यायला आले होते.

"जत्रंत गोंदून घेतला," तिनं सांगितलं. "सगळे देवाचं नाव गोंदतेत, म्या नंबर गोंदला. गोंदणारा म्हणला, मावशी, दुखंल पोराला. म्हणलं दुखू दे. माजं पोरगं बोलत न्हाई, आम्ही आज या वावरात, उद्या त्या वावरात. चुकलं तर कुणाला काय सांगंल? हात दाखवंल. कुणीबी शिकलेला माणूस वाचंल."

आणि मग तिची रीतच कळली. ज्या गावात मेंढरं बसतील तिथं मास्तर, दुकानदार, कंडक्टर, जो कोणी अक्षरं ओळखणारा भेटेल त्याच्यापुढं ती पोराचा हात धरायची. वाच आणि लाव. फोन वाजला की तिचा जीव भांड्यात पडायचा. हरीला हा खेळ वाटायचा. अनोळखी माणूस दिसला की तो आपणहून हात पुढं करायचा.

अशा बाईला मी नवा नंबर विकला. ती तयार नव्हती. "हा बदलायचा न्हाई बाई, हा पोराच्या अंगावर हाय." मी म्हटलं, मावशी, बदलत कुठंय? तो खालच्या खान्यात राहील, हा वरच्या. यावरून तुम्ही बोला, त्याच्यावर फोन येतील. तिनं तीनदा विचारलं, "बराबर येतील ना?" मी तीनदा हो म्हणाले. दोन खान्यांचा साधा बटणांचा फोन होता तिचा. मीच मागचं झाकण उघडलं, मीच सिम बसवलं. लोकरीच्या दोऱ्या वळून वळून तिचा अंगठा गुळगुळीत झालेला. अर्धा तास लागला हिरवा दिवा लागायला. साहेबांच्या भाकरीत एक रेघ वाढली आणि त्याचा मला त्या दिवशी खराखुरा आनंद झाला.

पुढच्या वर्षी, याच दिवसांत, ती परत आली. तोवर हवा बदलली होती. जुन्या कंपन्यांनी नियम काढला होता की रिचार्ज नसेल तर येणारे फोनही बंद. हे मला माहीत होतं. साहेबांनीच सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की आपण होऊन कुणाला सांगायचं नाही, लोक घाबरून जुन्याकडं परत जातात. तिला मेसेज आले असतील. मेसेज वाचणार कोण?

त्या दिवशी बाजार फुललेला. माझ्यापुढं रांग, आणि साहेब स्वतः खुर्ची टाकून बसलेले. हंगामातला तपासणीचा दिवस. किती नवे झाले आणि गिऱ्हाईक किती समाधानी, दोन्ही बघायचं होतं. समाधानाचे छापील कागद होते, दहापैकी किती गुण ते लिहायचं. गिऱ्हाइकाला विचारून भरायचे. आम्ही कुणाला विचारत नव्हतो. घरूनच दहा-दहा टाकून आणायचो, मधे एखादा नऊ, खरं वाटावं म्हणून.

गयाबाई रांग मोडून पुढं आली. फोन टेबलावर ठेवला. "बाई, खालच्या खान्याच्या रेंजच्या काड्या दिसंना गेल्यात. जरा हात वाचून लावून बघ. म्या मीठ-मिरची घेऊन आले." आणि हरीला माझ्यापाशी ठेवून ती गर्दीत गेली.

हरीनं हात पुढं केला.

मी एकाचा अंगठा धरून बसले होते. "थांब रे," म्हटलं आणि त्याचा हात हळूच खाली केला. त्यानं परत वर केला. साहेब बघत होते. मी परत खाली केला. तिसऱ्यांदा त्यानं हात वर केला तेव्हा मी टेबलाखालून कंपनीची केशरी टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर घातली. तो खूश झाला. टोपी काढ, घाल, काढ, घाल, असं करत बसला.

गयाबाई पिशवी घेऊन आली. "लावला का गं?"

"लावला मावशी. वाजला की. चालू हाय."

हरी माझ्याकडं बघायला लागला. टोपी हातात तशीच. मग त्यानं गळ्यातून तो आवाज काढला, एकदा, दोनदा, आणि हात आईपुढं धरला. गयाबाई म्हणाली, "बघ की, टोपीवर कसा खूश झालाय." मी हसले. मी त्याचा नंबर लावला नव्हता, हे तिला सांगू बघणारा तो एकटाच होता, आणि त्याला बोलता येत नव्हतं. ती गेल्यावर मी तिच्या नावाचा कागद काढला. दहापैकी दहा. खाली एक ओळ रिकामी असायची, तिथं लिहिलं, ग्राहक अत्यंत समाधानी.

एक फोन लावायचा होता. दहा बटणं दाबायची होती. आजही दुकानात बसल्या बसल्या माझं बोट काउंटरवर ते दहा आकडे दाबत राहतं. नवरा म्हणतो, काय टकटक लावलीस!

पंधरा दिवसांनी ती आली ते धावतच. मी आधी कळप दिसतो का बघितलं, हरी दिसतो का बघितलं. एकटीच होती. परतूरच्या बाजूला मेंढरं बसली होती, तिथं स्टेशन जवळ. हरीला आगगाडीचं भारी वेड. पाणी आणायला म्हणून गेला तो आलाच नाही. चार दिवस झाले होते.

"चार दिवस? मावशी, पोलिसात गेलात का?"

"कशाला? हातावर नंबर हाय की. फोन येईल म्हणून बसले. हातातून खाली ठिवला न्हाई बघ, जेवतानाबी न्हाई. दीर म्हणला चल हुडकू, म्हणलं थांबा, फोन येईल, आपण इकडं-तिकडं गेलो आन् तितं कुणी घेऊन आलं तर? तूच म्हणली व्हती ना, वाजला म्हणून." आणि मग अगदी साध्या आवाजात, "मंग फोन का येईना गं?"

मी फोन हातात घेतला. खालच्या खान्यापुढं फुली होती. मी माझ्या फोनवरून नंबर लावला, त्या हंगामात पहिल्यांदा, आणि कंपनीच्या बाईचा तो छापील आवाज ऐकला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. मराठीत ऐकला, हिंदीत ऐकला, इंग्रजीत ऐकला. गयाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"कंपनीनं बंद केला मावशी," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. हेही खरंच होतं की! अर्धं खरं.

पुढचे दिवस मी तिच्याबरोबर फिरले. पोलिसात, स्टेशनवर, एसटी स्टँडवर. बेपत्ता म्हणून पत्रक छापलं त्यात मीच मजकूर लिहून दिला. रंग सावळा, बोलता येत नाही, डाव्या हातावर फोन नंबर गोंदलेला, डोक्यावर केशरी टोपी. पत्रकात गोंदलेला नंबर छापून काय उपयोग, म्हणून खाली माझा टाकला. जुन्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन रडले, भांडले. तिथला माणूस म्हणाला, ताई, मुदत संपून गेली, नंबर आता परत मिळत नाही, कुणालातरी जाईल. केशरी टी-शर्ट मी त्याच आठवड्यात परत केला. गयाबाईला वाटलं, माझ्या पोरासाठी बाईनं नोकरी सोडली. तिनं मला घोंगडी दिली, स्वतःच्या हातानं कातलेल्या लोकरीची. मी घेतली. न घ्यायला काहीतरी कारण सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून दर महिन्या-दोन महिन्यांनी मी तो नंबर लावत गेले. अस्तित्वात नाही, अस्तित्वात नाही. वर्ष होत आलं आणि एक दिवस चक्क वाजला. माझ्या हातातला चहाचा कप सांडला. पलीकडून बाईचा आवाज आला, "हॅलो, कोण बोलताय?"

मिरजेच्या सुनंदाताई. घरी पापड-सांडगे करून विकतात. त्यांना नवीन नंबर म्हणून तो मिळाला होता. मी सगळं सांगितलं, फक्त माझं स्वतःचं सोडून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अवो ताई, एकदा असाच फोन आला हुता मला. नंबर घिऊन आठच दिस झालं असतील. कोण तर बाप्या हिंदीत बोलत हुता. एक माणूस मिला है, बोलता नहीं, हात पे ये नंबर है, असं कायबाय. मला वाटलं, फसवायला लागलाय. आता ओटीपी मागणार. आजकाल किती चाललंय असलं! मी शिव्या घातल्या आन् कट केला."

"त्यांचा नंबर?"

"न्हाई वो. तवाचं कुठलं ऱ्हातंय."

आम्ही दोघी दोन टोकांना रडलो. त्यांचं काय चुकलं? फोनवर अनोळखी माणूस दिसला की पहिला संशय घ्यायचा, हे आपण सगळेच शिकलोय. हरीला तेवढं कुणी शिकवलं नव्हतं. तो वर्षभर अनोळखी माणसांपुढं हात करत फिरला असेल, कुठल्यातरी हिंदी मुलखात, आणि किती जणांनी नंबर लावून बघितला असेल आणि अस्तित्वात नाही ऐकून त्याचा हात खाली केला असेल. शेवटी फोन लागला तर तो असा. मी दोनदाच खाली केला होता. त्याचा मला हिशोब लागत नाही.

गयाबाईला मी सांगितलं की नंबर मिरजेच्या एका बाईला गेलाय, भली आहे, फोन आला तर कळवेल. तो आलेला फोन सांगितला नाही. मला वाटलं, हे ऐकून ती मरेल. आणि एक सांगितलं की दुसरं सांगावं लागेल, हेही वाटलं. दर वर्षी मेंढरं उतरली की ती दुकानात येते, फोन काउंटरवर ठेवते, म्हणते, "बघ जरा." मी मागचं झाकण उघडते. खालच्या खान्यात ते मेलेलं सिम तसंच. कडा झिजल्यात. काढू देत नाही ती. "आसू दे आत. त्याची जागा हाय ती."

यंदा दिवाळीनंतर सुनंदाताईंचा फोन आला. आता आमची अशी ओळख की सणावाराला पापड पाठवतात. म्हणाल्या, "ताई, हिकडं चौकात छत्री लावून एक पोरगी बसलीया. नवीन नंबर फुकट देती, लई काय काय हाय म्हणं त्यात. जुना टाकून द्यावा म्हणतीय मी. तुम्हाला इचारल्याबिगर कसं टाकू?"

"ती पोरगी काय म्हणली जुन्याचं?"

"ती म्हणती, राहू द्या की खालच्या खान्यात, चालूच ऱ्हातोय."

मला इथून ओरडावंसं वाटलं त्या पोरीवर. मग वाटलं, तिलाही कुणीतरी पुठ्ठ्यावर भाकर काढून दाखवली असेल. मी सुनंदाताईंना म्हटलं, टाकू नका, मला द्या. एसटीनं मिरजेला गेले. त्यांनी बँकेतला नंबर बदलला, गॅसचा बदलला, माझ्यासाठी दिवसभर खेटे घातले. कंपनीच्या ऑफिसात दोघींनी अंगठे दिले. माझा अंगठा पहिल्या झटक्यात घेतला मशीननं. नंबर माझ्या नावावर झाला. येताना ते सिम कागदात गुंडाळून ब्लाऊजमध्ये ठेवलं होतं, आणि रस्ताभर हात तिथंच.

मेंढरं यंदा अंतरवाली सराटीच्या शिवारात बसली होती. मी स्कूटीवर गेले, दुपारची. मोकळं वावर, पऱ्हाट्यांचा ढीग, ऊन असं की सावली शोधावी लागत नाही पण बरी वाटते. गयाबाई बाभळीखाली लोकर निवडत बसली होती. केस पांढरे झालेत. मला बघून उठली, "अगं बाई, तू कशी काय?"

मी खाली बसले. सिम दाखवलं नाही आधी. आधी सांगायचं ठरवलं होतं, नाहीतर मी परत अर्धंच सांगितलं असतं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही मीठ-मिरची आणायला गेल्ता. मी फोन लावलाच न्हाई. हरीनं तीनदा हात पुढं केला. मी टोपी दिली त्याला. लावला म्हणून खोटं बोलले."

ती लोकर निवडतच राहिली. काटे काढून एका बाजूला टाकत होती. मग म्हणाली, "म्हंजी त्यो तेच सांगत व्हता. आवाज काढून काढून."

"हो."

"म्या म्हणलं, टोपीवर खूश हाय."

मला रडू फुटलं. तिला नाही. मी दुसरंही सांगून टाकलं, मिरजेचं, तो हिंदी बोलणारा माणूस, शिव्या, कट केलेला फोन. मी डोळे मिटून सांगत होते. वाटलं होतं ती छाती बडवेल, मला हाकलून देईल, हाताशी दगड होते. डोळे उघडले तर तिचं तोंड फुललेलं.

"म्हंजी जित्ता व्हता," ती म्हणाली. "वर्सानंबी जित्ता व्हता म्हण की! कुणीतरी धरला त्याचा हात. वाचला बघ. म्या म्हणले व्हते ना, कुणीबी शिकलेला माणूस वाचंल!" आणि मग एकदम माझ्या दंडाला धरून गदगदा हलवलं. "हे तू आत्ता सांगून राह्यली? इतकी वर्सं म्या त्याला मेला धरून बसले व्हते गं. तोंडानं बोलले न्हाई कुणाला. पर धरला व्हता." तेव्हा तिला रडू आलं. माझा दंड तिनं सोडला नाही. दुखत होतं, मी दुखू दिलं.

मग मी कागदातून सिम काढलं. तिच्या फोनचं झाकण उघडलं. जुनं मेलेलं सिम तिनं स्वतःच्या नखानं काढलं आणि कुंकवाच्या डबीत टाकलं. नवं मी बसवलं. फोन चालू केला, आम्ही दोघी त्या एवढ्याशा पडद्यावर डोकं घालून बसलो. फुली गेली. काड्या उभ्या राहिल्या.

आणि पाच मिनिटं झाली नसतील, फोन वाजला. खालच्या खान्यावर.

गयाबाईनं दोन्ही हातांनी तो कानाला लावला. "हॅलो! हां, बोला. हरीची माय बोलून राह्यले म्या. कुटं हाय त्यो? हॅलो?"

एवढ्या जवळ बसून मलाही ऐकू येत होतं. गोड आवाजाची बाई, छापील. आमच्या परिवारात आपले स्वागत आहे. आपण आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात? अतिशय समाधानी असाल तर एक दाबा.

"हरी हाय का तितं?" गयाबाई ओरडली. "त्याला बोलता येत न्हाई, त्याच्या कानाला लावा फोन. ऐकू येतंय त्याला." आणि ती उठली, कळपाकडं धावली आणि फोन मेंढरांकडं धरून उभी राहिली, हात लांब करून, घंट्या ऐकू जाव्यात म्हणून. मेंढरं मान वर करून बघायला लागली. वाऱ्यानं घंट्या वाजत होत्या. तिनं फोन परत कानाला लावला. मी मागं जाऊन उभी राहिले तेव्हा बाई म्हणत होती, क्षमा करा, आम्हाला आपला प्रतिसाद मिळाला नाही. मग बंद.

आता खोटं बोलायचं नव्हतं. "मावशी, ते मशीन हाय. कंपनीचं. माणूस नव्हतं कुणी."

तिनं फोन कानापासून खाली घेतला. पदरानं तो पुसला.

"आसू दे," म्हणाली. "नंबर तर चालू झाला ना? तू लावून बघ एकदा."

मी माझा फोन काढला. वाचून दाखवायला हात नव्हता समोर. आकडे तोंडपाठ होते, तरी एकेक सावकाश दाबला, दहाच्या दहा, आणि कानाला लावून थांबले. तिच्या हातात फोन वाजला.

"वाजला मावशी," मी म्हटलं. "चालू हाय."